स्वस्तातला स्कोप कुठला घ्यावा? कलर ग्रेडिंगवर वाचकांचे प्रश्न

या वेळी व्हिडिओच्या रंगकामावर प्रश्न मागवले होते, तर सांगली, मिरज, कराड, वाई, सातारा असं सगळीकडून मेल आलेत. बहुतेक लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करणारी मंडळी आहेत, थोडे विद्यार्थी, एखाददुसरे लोकल चॅनलवाले. आणि बऱ्याच जणांनी एकच विचारलंय, की कमी पैशात स्कोप कुठला घेऊ. म्हणून तिथूनच सुरू करतो. जे या कामात अगदी नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात, स्कोप म्हणजे चित्रातला उजेड आणि रंग मोजून आलेखात दाखवणारं साधन. वेव्हफॉर्म उजेड दाखवतो, परेड लाल हिरवा निळा असे तिन्ही चॅनल शेजारी शेजारी दाखवतो, आणि व्हेक्टरस्कोप रंग कुठल्या दिशेला झुकलाय आणि किती गडद आहे ते दाखवतो. आपला डोळा थोड्या वेळात कुठल्याही छटेला सरावतो, तासभर पिवळं फुटेज बघितलं की ते पांढरंच वाटायला लागतं. स्कोप सरावत नाही, म्हणून तो लागतो.

प्रश्न : सांगलीत विश्रामबागला छोटा स्टुडिओ आहे, लग्नाच्या ऑर्डरी करतो. ४० हजार बाजूला काढलेत. ओळखीतले एकजण टेक्ट्रॉनिक्सचा जुना स्कोप देतो म्हणतायत, आणि ऑनलाइन ब्लॅकमॅजिकचा दोन स्क्रीनवाला पण बघितला. एडिटिंग आणि रंगकामाला दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची फ्री व्हर्जन वापरतो, लॅपटॉपला एचडीएमआयने दुसरा मॉनिटर लावलाय. कुठला घेऊ? — विश्रामबाग, सांगली

दादा, आत्ता कुठलाच घेऊ नका. तुमच्याकडे स्कोप आहे, फुकट आहे आणि चांगला आहे. रिझॉल्व्हच्या फ्री व्हर्जनमध्येच परेड, वेव्हफॉर्म, व्हेक्टरस्कोप, हिस्टोग्राम आणि सीआयई क्रोमॅटिसिटी असे पाचही स्कोप येतात, त्यासाठी २९५ डॉलरची स्टुडिओ व्हर्जन लागत नाही. वर्कस्पेस मेनूत व्हिडिओ स्कोप्स चालू करा, किंवा विंडोजवर कंट्रोल शिफ्ट डब्ल्यू दाबा, वेगळी खिडकी उघडेल, एकात चार स्कोप लावता येतात.

आता जुन्या स्कोपचं. टेक्ट्रॉनिक्सचं नाव मोठं आहे, टीव्ही स्टेशनवर वर्षानुवर्षं तेच चालले, त्यामुळे मोह होणार हे समजू शकतो. पण पैसे द्यायच्या आधी त्याची मागची बाजू बघा. १७४० सिरीजसारखं जुनं मशीन असेल तर ते ॲनालॉग कॉम्पोझिट सिग्नलसाठी बनवलेलं आहे, म्हणजे पाल आणि एनटीएससी या जुन्या टीव्ही पद्धतींच्या जमान्यातलं. तुमचा एचडी किंवा फोरके सिग्नल त्यात सरळ जाणारच नाही, मध्ये कन्व्हर्टर लावून खाली उतरवला तर जे मोजलं जाईल ते तुमच्या फाइलचं नसेल, कन्व्हर्टरने बनवलेल्या सिग्नलचं असेल. शिवाय आत पिक्चर ट्यूब आहे, ती म्हातारी झाली की रेघ अंधुक होते, आणि दुरुस्त करणारा माणूस शोधायला कुठं जाणार. शोभेला ठेवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

ब्लॅकमॅजिकचा दोन स्क्रीनवाला म्हणजे स्मार्टस्कोप ड्युओ ४के. तो खरंच कामाचा आहे, आठ इंची दोन स्क्रीन, रॅकमध्ये बसतो, पण त्याला एसडीआय इनपुट, म्हणजे टीव्ही स्टेशनवर वापरतात ती व्हिडिओ केबल लागते, तुमच्याकडे एसडीआय आउटपुटच नाही. आणि किंमत हजार डॉलरच्या आसपास, वर ड्यूटी जीएसटी धरा, म्हणजे तुमच्या बजेटच्या दुप्पट सहज. बाहेरचा हार्डवेअर स्कोप कुणाला लागतो, तर ज्याला वायरीतून प्रत्यक्ष जाणारा सिग्नल मोजायचाय त्याला, म्हणजे ओबी व्हॅन (बाहेरून थेट प्रक्षेपण करणारी गाडी), लाइव्ह कार्यक्रम, चॅनलचा मास्टर कंट्रोल. तुम्ही फाइल बनवून पेनड्राइव्हवर देताय, तिथं सॉफ्टवेअरमधला स्कोप थेट फाइलमधले आकडे वाचतो, मध्ये ना वायर ना कार्ड, त्यामुळे तुमच्या कामापुरता तो जास्तच भरवशाचा.

मग ४० हजारांचं काय करायचं. माझं स्पष्ट मत, पहिला पैसा मॉनिटरच्या कॅलिब्रेशन प्रोबवर घाला, म्हणजे स्क्रीनचा रंग मोजून तो बरोबर करायला लागणारं उपकरण. कॅलिब्राइट म्हणून कंपनी आहे, पूर्वी हेच प्रोब एक्स-राइट नावाने यायचे, किंवा डेटाकलरचा स्पायडर घ्या. डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, फक्त तुमचा प्रोब त्यात चालतो का ते घ्यायच्या आधी बघा. टार्गेट ठेवायचं रेक ७०९, म्हणजे एचडी टीव्हीच्या रंगांचं ठरलेलं माप, व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) डी६५, उजेड १०० निट्सच्या आसपास, खोली अंधारी असेल तर गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतात ते ठरवणारा आकडा) २.४ आणि दिवसा खिडकी उघडी ठेवून काम करत असाल तर २.२. कारण असं बघा, स्कोप तुम्हाला फाइल बरोबर आहे का ते सांगतो, पण पार्टीला ते छान दिसेल का हे शेवटी डोळ्यानेच ठरतं आणि डोळा जो मॉनिटर बघतोय तोच निळसर असेल तर तुम्ही प्रत्येक फ्रेम पिवळी करून बसणार आणि मग स्कोपशी भांडत बसणार.

प्रोब घेऊन पैसे उरले तर दुसरी खरेदी आउटपुट बॉक्स. ब्लॅकमॅजिकचा अल्ट्रास्टुडिओ मॉनिटर ३जी हा छोटा डबा २०२० मध्ये ११५ डॉलरला आला होता, आजची किंमत दुकानात विचारा. तो रिझॉल्व्हमधून विंडोजला किंवा मॅकला बाजूला ठेवून स्वच्छ सिग्नल मॉनिटरला देतो, ऑपरेटिंग सिस्टीमची रंगातली लुडबूड बंद होते. पण त्याला थंडरबोल्ट ३ पोर्ट लागतं, आणि टाइप सी दिसणारं प्रत्येक पोर्ट थंडरबोल्ट नसतं हे लक्षात ठेवा, पोर्टशेजारी विजेची खूण आहे का बघा आणि लॅपटॉपच्या मॉडेलचं स्पेक वाचूनच घ्या. डेस्कटॉप असता तर डेकलिंक मिनी मॉनिटर ४के हे कार्ड आत बसवता आलं असतं.

आणि एक, स्कोपची खिडकी लॅपटॉपच्या स्क्रीनवर ठेवा, चांगला मॉनिटर फक्त चित्राला. स्कोप म्हणजे रेघा आणि ठिपके, त्याला रंग अचूक असलेली स्क्रीन लागतच नाही. डेस्कटॉपवाल्यांनी तर सेकंडहँड दुकानातून ऑफिसमधला जुना १९ इंची मॉनिटर आणून त्यावर दिवसभर चारही स्कोप उघडे ठेवावेत, यापेक्षा स्वस्त स्कोप मला तरी माहीत नाही.

प्रश्न : हळदीच्या कार्यक्रमात सगळ्यांचे चेहरे पिवळे येतात. व्हेक्टरस्कोपवरच्या स्किन टोनच्या रेषेवर आणले तर हळदच दिसत नाही, पार्टी म्हणते हळद लावलीच नाही का. रेषा आपल्या रंगासाठी चुकीची आहे का? — मिरज

ताई, रेषा चुकीची नाही, आणि हा प्रश्न या सगळ्या मेलमधला मला सगळ्यात आवडलेला. थोडं सविस्तर सांगतो.

व्हेक्टरस्कोपवर घड्याळात अकरा वाजतात त्या दिशेला, लाल आणि पिवळ्याच्या मधे एक रेघ असते, रिझॉल्व्हमध्ये स्किन टोन इंडिकेटर म्हणून चालू करता येते. माणूस गोरा असो सावळा असो काळा असो, कातडीच्या रंगाची दिशा साधारण याच रेघेच्या आसपास येते, कारण कातडीखालचं रक्त आणि मेलॅनिन सगळ्यांना तेच. बदलतो तो उजेड आणि गडदपणा. म्हणजे रेघ आपल्याला लागू आहे, पण ती काही न लावलेल्या, साध्या पांढऱ्या उजेडातल्या कातडीसाठी आहे. हळद लावलेला गाल हा कातडीचा रंगच नाही, त्यावर दुसरा रंग चढवलाय, तो रेघेच्या पिवळ्या बाजूला जाणारच आणि जायलाच पाहिजे.

मग मोजायचं कशावर? ज्याला हळद लागलेली नाही त्याच्यावर. करवलीचा चेहरा बघा, मागे उभ्या असलेल्या काकांचा हात बघा. रिझॉल्व्हमध्ये त्या चेहऱ्यावर पॉवर विंडो, म्हणजे तेवढाच भाग निवडणारा आकार काढा, मग शिफ्ट एच दाबून हायलाइट चालू करा, बाकी सगळं करडं होतं आणि करड्याचा ठिपका व्हेक्टरस्कोपच्या मध्यावर जातो, म्हणून फक्त त्या चेहऱ्याचीच रेघ बाहेर निघालेली दिसते. ती इंडिकेटरच्या जवळ असली की झालं. तंतोतंत रेघेवर बसवायचा हट्ट करू नका, थोडी इकडेतिकडे असली तरी चेहरे जिवंत वाटतात, सगळ्यांना एका रेघेवर चेपलं की मेणाचे दिसायला लागतात.

आता दुसरी गोष्ट, पिवळेपणा दोन ठिकाणचा असतो आणि आपण तो एकत्र धरतो तिथं घोळ होतो. एक हळदीचा, दुसरा मांडवाच्या कापडाचा. वर पिवळं कापड ताणलेलं, त्यातून दुपारचं ऊन झिरपतंय, म्हणजे खाली सगळाच उजेड पिवळा. हा दुसरा पिवळा कमी करायचा असतो, पहिल्याला हात लावायचा नाही. ओळखायचं कसं, फ्रेममध्ये पांढरं काय आहे ते शोधा, कुणाचा सदरा, टोपी, टॉवेल. परेडमध्ये त्या पांढऱ्याच्या जागी निळा चॅनल लाल हिरव्याच्या खाली पडलेला दिसेल. गेन, म्हणजे उजळ भाग वरखाली करणारं कंट्रोल, वापरून निळा वर आणा, पण पूर्ण समान करू नका, थोडी ऊब राहू द्या, नाहीतर मांडव ऑफिससारखा दिसतो. एवढं केल्यावर हळद आपोआप वेगळी उठून दिसते, कारण आता आजूबाजूचं पिवळं नाही. तुमची पार्टी जे म्हणत होती ते बरोबरच होतं, सगळं एकदम रेघेकडे ओढलं की पहिल्यांदा हळदच जाते, आणि आपल्या सांगली मिरजेकडं हळदीचा रंग चुकला तर लोक लगेच पकडतात.

वेव्हफॉर्मवर (शून्य म्हणजे काळं, १०० म्हणजे पांढरं) चेहरा कुठं ठेवायचा असंही पुढे विचारलंय. परदेशी व्हिडिओत ७० सांगतात, ते गोऱ्या कातडीसाठी. आपल्याकडं मी साधारण ४५ ते ६० मध्ये ठेवतो, सावळ्या चेहऱ्याला अजून खाली राहू दिलं तरी चालतं. नवरीचा चेहरा ओढून ७० वर नेला की तिची साडी १०० च्या वर जाऊन फाटते, म्हणजे तिच्यातला तपशील जातो, आणि ती तिच्यासारखी दिसत नाही, हे दुसरं नुकसान जास्त मोठं.

प्रश्न : रिसेप्शनला डीजेच्या निळ्या जांभळ्या एलईडीत फुटेज एकदम चपटं येतं, चेहऱ्यावर डाग पडल्यासारखा रंग. वेव्हफॉर्म बघितला तर कुठेच १०० ला लागत नाही, मग क्लिप कसं झालं? — तासगाव

वेव्हफॉर्म उजेड दाखवतो आणि त्या उजेडात तिन्ही रंगांचा वाटा सारखा नाही. रेक ७०९ मध्ये हिरव्याचा वाटा साधारण ७१.५ टक्के, लालचा २१, आणि निळ्याचा फक्त ७. म्हणजे नुसता निळा दिवा कॅमेऱ्यात पूर्ण फुटला, म्हणजेच क्लिप झाला, तरी वेव्हफॉर्मवर तो सातच्या आसपास, अगदी तळाला दिसणार, आणि तुम्हाला वाटणार अजून भरपूर जागा आहे. परेड उघडा, निळा चॅनल छताला चिकटून सपाट झालेला दिसेल. म्हणून रंगीत दिव्यांच्या कार्यक्रमात वेव्हफॉर्मवर विसंबू नका, परेडच लावा.

फुटलेला चॅनल मिक्सिंगमध्ये परत येत नाही, तिथं माहितीच राहिलेली नसते. थोडी सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, उतरवून निळ्याची धार मऊ करता येते, डाग कमी दिसतात, एवढंच. खरा इलाज शूटिंगच्या जागी. कॅमेऱ्यात आरजीबी हिस्टोग्राम असेल तर तो चालू ठेवा, व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, आणि दिवे निळे झाले की एक्स्पोजर थोडं खाली घ्या. स्कोपवर पैसे खर्च करायचेच असतील तर इथं करा, फीलवर्ल्ड, लिलिपुट अशांच्या छोट्या फील्ड मॉनिटरच्या काही मॉडेलमध्ये वेव्हफॉर्म, हिस्टोग्राम आणि व्हेक्टरस्कोप असतात. घेताना त्या मॉडेलमध्ये आरजीबी परेड आहे का तेवढं विचारा, सगळ्यात नसतं. लॉगमध्ये, म्हणजे नंतर रंगकाम करायच्या फिकट प्रोफाइलमध्ये शूट करत असाल तर स्कोप लट (एलयूटी, म्हणजे ते फिकट चित्र नेहमीसारखं दाखवणारा रंगांचा तक्ता) लावायच्या आधीचा सिग्नल मोजतोय की नंतरचा हेही बघून ठेवा, दोन्हीत आकडे खूप वेगळे येतात.

प्रश्न : ऑम्नीस्कोप घ्यावा का? यूट्यूबवर सगळे तोच दाखवतात. नाहीतर चारपाचशे रुपयांची यूएसबी कॅप्चर स्टिक घेऊन दुसऱ्या लॅपटॉपवर स्कोप चालवला तर? कॉलेजला आहे, बजेट जवळजवळ नाहीच. — कराड

भावा, बजेट नाही ही अडचणच नाही या बाबतीत. रिझॉल्व्ह चालत नसेल लॅपटॉपवर तर केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि दोन्हीत स्कोप आहेत, प्रीमिअर वापरत असशील तर लुमेट्री स्कोप्स आतच आहेत, फायनल कटमध्ये पण आहेत. एफएफएमपेगमध्येसुद्धा वेव्हफॉर्म आणि व्हेक्टरस्कोपचे फिल्टर आहेत, कमांड टाइप करायची भीती नसेल तर फाइल चालू असताना स्कोप बघता येतो.

ऑम्नीस्कोप हे टाइम इन पिक्सेल्स नावाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर आहे, आणि चांगलं आहे. खिडक्या हव्या तशा मांडता येतात, फॉल्स कलर (उजेडाप्रमाणे चित्रात वेगवेगळे रंग भरून दाखवणं) आहे, आणि रिझॉल्व्ह प्रीमिअरमधून किंवा कॅप्चर कार्डमधून थेट सिग्नल घेतं. रोज आठ तास ग्रेडिंग करणाऱ्याला ते सुखाचं आहे. तुझ्यासाठी आत्ता नको. अजून परेड बघून कुठला चॅनल किती हलवायचा हे हाताला आलेलं नसताना चांगली खिडकी घेऊन काय करणार. मॅकवर स्कोपबॉक्स नावाचं पण एक आहे, त्यालाही हेच लागू.

स्वस्त कॅप्चर स्टिकचं मात्र नीट ऐक, कारण इथं बरेचजण फसतात. या स्टिक बहुतेक व्हिडिओ दाबून, एमजेपेग करून यूएसबीने पाठवतात, रंगाची माहिती कमी करतात, आणि काही तर काळ्यापांढऱ्याच्या लेव्हल स्वतःच ताणतात किंवा आवळतात. मीटिंग रेकॉर्ड करायला ठीक, पण मोजमापाला अशी वस्तू म्हणजे गवंड्याने वाकड्या ओळंब्यावर भिंत चढवण्यासारखं आहे. मित्राकडे आधीच असेल आणि तपासून बघायची असेल तर अशी तपास. रिझॉल्व्हच्या जनरेटरमध्ये एसएमपीटीई कलर बार आहे, तो टाइमलाइनवर टाक. आधी रिझॉल्व्हच्या स्वतःच्या व्हेक्टरस्कोपवर बघ, बारचे ठिपके ७५ टक्क्यांच्या चौकोनात जाऊन बसतात. मग तोच बार स्टिकमधून दुसऱ्या लॅपटॉपवर घेऊन तिथल्या स्कोपवर बघ. ठिपके चौकोनाच्या बाहेर, आत, किंवा फिरून बसले असतील तर त्या रस्त्यावर विश्वास ठेवता येत नाही. त्यानंतर काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारा करडा रॅम्प टाक, वेव्हफॉर्मवर सरळ तिरकी रेघ यायला हवी. रेघ पायऱ्यापायऱ्यांची झाली किंवा दोन टोकांना सपाट झाली तर स्टिक बाजूला ठेव. ही परीक्षा महागातल्या कार्डलाही लाव, टीव्हीलाही लाव, दहा मिनिटांत कळतं कोण खरं बोलतंय.

प्रश्न : रिझॉल्व्हमध्ये स्कोपवर काळं शून्यावर, पांढरं १०० ला, सगळं बरोबर. पण पेनड्राइव्ह टीव्हीला लावला की काळं राखाडी दिसतं, कुणाच्या टीव्हीवर उलट सगळं काळं बुडतं. स्कोप खोटं दाखवतो का? — कोरेगाव

स्कोप खरं दाखवतोय, पण तो टाइमलाइनमधलं दाखवतोय. त्यानंतर फाइल बनते, मग प्लेअर वाचतो, मग टीव्ही, या रस्त्यात कुठेतरी लेव्हलचा गोंधळ झालाय.

व्हिडिओत काळं पांढरं लिहायच्या दोन पद्धती आहेत. आठ बिटमध्ये काळं १६ आणि पांढरं २३५ ही व्हिडिओ लेव्हल, आणि काळं ० पांढरं २५५ ही फुल किंवा डेटा लेव्हल. फाइल एका पद्धतीने लिहिली आणि वाचणाऱ्याने दुसरी समजून वाचली की तुम्ही सांगताय तेच होतं. शोधायचा सोपा मार्ग, एक्स्पोर्ट केलेली फाइल परत टाइमलाइनवर आणा, मूळ क्लिपच्या शेजारी ठेवा आणि वेव्हफॉर्म बघा. काळं शून्याऐवजी सहाच्या आसपास वर आलं असेल आणि पांढरं ९२ च्या आसपास खाली आलं असेल तर लेव्हल एकदा जास्त आवळल्या गेल्यात. उलट खालचा आणि वरचा तुकडा कापल्यासारखा सपाट दिसला तर एकदा जास्त ताणल्यात. असं दिसलं तर डिलिव्हर पेजवर डेटा लेव्हल ऑटोवर किंवा व्हिडिओवर ठेवा, लग्नाच्या एमपीफोर फाइलला फुल कधीच लावू नका.

परत आणलेली फाइल मूळशी जुळली तर तुमचं काम बरोबर आहे, मग घोटाळा टीव्हीत. लॅपटॉप एचडीएमआयने लावला असेल तर ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये फुल की लिमिटेड ते बघा, आणि टीव्हीत एचडीएमआय ब्लॅक लेव्हल किंवा तशाच नावाचा पर्याय असतो, दोन्हीकडे एकच ठेवा. पेनड्राइव्ह लावून बघत असतील तर टीव्हीचा पिक्चर मोड व्हिव्हिडवरून सिनेमा किंवा स्टँडर्डवर आणायला पार्टीला सांगा, निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

मॅकवाल्यांनी हेच विचारलंय, की क्विकटाइममध्ये फिकट दिसतं. तो बहुतेक वेळा लेव्हलचा नाही तर गॅमा टॅगचा, म्हणजे फाइलवरच्या गॅमाच्या खुणेचा फरक असतो, मॅक ७०९ टॅगची फाइल वेगळ्या गॅमाने दाखवतो. त्यासाठी रिझॉल्व्हमध्ये रेक ७०९-ए हा पर्याय आहे, पण तो वापरला तर दुसऱ्या प्लेअरवर गडद दिसू शकतं, म्हणून टीव्हीवर जाणाऱ्या कामाला साधं ७०९ ठेवा.

प्रश्न : बगाड यात्रेचं कव्हरेज एका चॅनलला दिलं, क्यूसीत (चॅनलच्या तांत्रिक तपासणीत) आउट ऑफ गॅमट, म्हणजे रंग ठरलेल्या मर्यादेबाहेर, म्हणून परत आलं. ल्युमा, म्हणजे उजेड, तर बरोबर होता. — वाई

बावधनच्या यात्रेत गुलाल म्हटल्यावर हे होणारच. वर निळ्याचं जे सांगितलं तेच इथं लालचं. उन्हात उडालेल्या गुलालात लाल चॅनल १०० च्या वर जातो, उजेड मात्र मध्यावर दिसतो. क्यूसीवाले आरजीबी बघतात. युरोपातल्या ब्रॉडकास्टर संघटनेचं, म्हणजे ईबीयूचं आर १०३ हे मार्गदर्शक बऱ्याच ठिकाणी धरतात, त्यात आरजीबी उणे ५ ते १०५ टक्के आणि ल्युमा उणे १ ते १०३ पर्यंत चालतो. पण ही सूट फाइल लहानमोठी करताना किंवा कॉम्प्रेस होताना जे बारीक उसळतं त्याच्यासाठी आहे, ग्रेड करताना तुम्ही ० ते १०० मध्येच राहा. चॅनलकडून त्यांचं स्पेक लिहून मागून घ्या, तोंडी नको.

करायचं असं, क्वालिफायरने फक्त गुलाल पकडा, त्याची सॅच्युरेशन थोडी आणि उजेड थोडा खाली घ्या, परेडमध्ये लाल १०० च्या आत येईपर्यंत. मग कर्व्हमध्ये सॉफ्ट क्लिप वरच्या बाजूला थोडं. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये ब्रॉडकास्ट सेफ चालू करून ० ते १०० ठेवता येतं, ते शेवटचं कुंपण म्हणून ठेवा, त्याच्यावरच सगळं सोडलं तर गुलालाचा एकसारखा गुलाबी ठोकळा होतो, त्यातली धूळ आणि पोत निघून जातो आणि यात्रेत बघण्यासारखं तेच असतं.

प्रश्न : आयफोनच्या क्लिप टाइमलाइनवर टाकल्या की पांढऱ्याफटक होतात. — पलूस

फोन एचडीआरमध्ये, म्हणजे जास्त उजेडाच्या पद्धतीत, एचएलजी डॉल्बी व्हिजनमध्ये शूट करतोय आणि तुमची टाइमलाइन ७०९ आहे. क्लिपची इनपुट कलर स्पेस रेक २१०० एचएलजी सांगा, आउटपुट रेक ७०९, स्कोपवर पांढरं लगेच खाली येईल. पुढच्या वेळी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंदच करा, पार्टी एसडीआरच, म्हणजे साधा व्हिडिओच बघणार आहे.

प्रश्न : कासच्या फुलांची छोटी फिल्म करतेय. तेरड्याचा गुलाबी जांभळा मला एकतर निळा येतो नाहीतर फ्लोरोसंट. स्कोपवर जांभळा कुठं असायला पाहिजे? — सातारा

व्हेक्टरस्कोपवर निळ्याचा चौकोन घड्याळातल्या तीनच्या थोडा खाली आहे आणि मॅजेंटाचा एकच्या जवळ. जांभळी फुलं या दोघांच्या मधे कुठंतरी पडतात, तेरडा मॅजेंटाच्या बाजूला, सीतेची आसवं निळ्याच्या बाजूला. तेरड्याचा ठिपका तीनच्या दिशेला सरकलेला दिसला की समजायचं कॅमेऱ्याने किंवा व्हाइट बॅलन्सने त्याला निळं केलंय. कासला ढग उतरलेले असतात तेव्हा उजेड मुळातच निळसर असतो, म्हणून आधी फ्रेममधला करडा कातळ परेडमध्ये जवळजवळ समान करा, मगच फुलांकडे वळा, नुसती फुलं फिरवायला गेलात तर गवताचा हिरवा खोटा वाटायला लागतो. त्यानंतरही तेरडा निळा राहिला तर ह्यू व्हर्सेस ह्यू (एका रंगछटेला दुसरीकडे फिरवणारी) कर्व्हने तेवढाच पट्टा मॅजेंटाकडे थोडा ढकला.

फ्लोरोसंट का होतं, तर काही फुलांचा जांभळा इतका गडद असतो की तो रेक ७०९ च्या रंगांच्या कक्षेतच मावत नाही. सीआयई क्रोमॅटिसिटी स्कोप उघडा, त्यात त्रिकोण दिसेल, फुलांचे ठिपके त्रिकोणाच्या निळ्या-लाल बाजूवर जाऊन गर्दी करून बसले असतील तर तेच कारण. अशा वेळी सॅच्युरेशन वाढवणं थांबवा. रिझॉल्व्हच्या कलर स्पेस ट्रान्सफॉर्म इफेक्टमध्ये गॅमट मॅपिंगला सॅच्युरेशन कॉम्प्रेशन लावा, आणि फुलांचा उजेड थोडा खाली घ्या, रंग गडद वाटतो पण फुटत नाही, पाकळीच्या शिरा परत दिसायला लागतात. सोनकीचा पिवळा शेजारी असेल तर त्यालाही तपासा, तो बऱ्याचदा लाल हिरव्या दोन्ही चॅनलमध्ये वर टेकलेला असतो. आणि शक्य असेल तर पठारावर जाताना एक साधं करडं कार्ड खिशात ठेवा, प्रत्येक जागी सुरुवातीला दोन सेकंद ते पकडून शूट करा, घरी आल्यावर परेडसमोर अंदाज करत बसावं लागत नाही.